मास्तरांची दाढ आणि विनाचालक गाडी

मास्तरांची खालची दाढ दोन महिने ठणकत होती आणि त्या दोन महिन्यांत मास्तर दातांच्या दवाखान्यातून दोनदा पळून आले होते. पहिल्या खेपेला ते बाहेरच्या बाकावरूनच उठले. आतून बारीकसा घुर्र आवाज आला, तसे "गाडी नीट लावली नाही वाटतं" असे पुटपुटत ते जिना उतरले आणि थेट घरी गेले. दुसऱ्या खेपेला मजल खुर्चीपर्यंत गेली. पण डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेतली आणि मास्तर गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर आले. रुमाल त्यांनी दुसऱ्या दिवशी घडी करून बायकोच्या हाती परत पाठवला. माणूस तसा सरळ होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. सत्तावीस वर्षे शिकाऊ माणसांच्या डाव्या बाजूला बसून त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. समोरून ट्रक येताना पाहून शिकणाऱ्याने स्टिअरिंग सोडून डोळे मिटले, तरी मास्तर आवाज न चढवता म्हणत, "डोळे उघडा. ट्रक गेला." असा माणूस एवढ्याशा सुईला का भितो, हे त्यांच्या बायकोला एकतीस वर्षांच्या संसारात कळले नव्हते. "तिथं माझ्या पायाशी काही नसतं," असे त्यांनी एकदा सांगून पाहिले होते. तिला वाटले, ते चपलांबद्दल बोलत आहेत.

पण आता गोष्ट पोटापाण्याशी येऊन ठेपली होती. दाढेमुळे तोंड उघडेना, म्हणून मास्तर खुणांनी शिकवू लागले. खुणा त्यांच्या त्यांना स्पष्ट होत्या. सोमवारी एका बँकेतल्या बाईंनी 'थांबा' ही खूण 'वळा' अशी वाचली आणि गाडी एका फर्निचरच्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढवली. मास्तरांनी ब्रेक दाबला म्हणून तिसरी पायरी वाचली. दुकानदाराने बाहेर येऊन, काही दाखवू का, असे विचारले. त्या संध्याकाळी बायकोने दवाखान्यात फोन लावला.

फोन मावशींनी उचलला. मावशी दवाखान्यातल्या मदतनीस. आधीचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी खुर्ची, कपाटे आणि मावशी नव्या डॉक्टरीणबाईंच्या स्वाधीन केल्या.

"रुमालवाले ना?" मावशींनी विचारले.

"हो."

"उद्या अकराला आणा. आता नवीन यंत्र आलंय. त्यात माणसाला दवाखानाच दिसत नाही."

यंत्र म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक जाडजूड चष्मा होता. एक विक्रेता तो आठ दिवस वापरून बघा म्हणून ठेवून गेला होता. चष्मा लावला की समोर वेगळेच जग उभे राही, आणि मान वळवावी तिकडे ते जग पसरलेले असे. कानाशी त्याचे आवाजही येत. पेशंटचे लक्ष तिकडे गुंतते आणि दुखणे निम्म्याने कमी वाटते, असे विक्रेत्याने सांगितले होते. पेशंट काय पाहतो आहे ते मावशींच्या हातातल्या टॅबवरही दिसे. आतापर्यंत चौघांवर प्रयोग झाला होता आणि चौघेही खूश होते. एक आजोबा तर दात काढून झाल्यावरही उठायला तयार नव्हते.

"तुम्हाला काय बघायला आवडेल, मास्तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "समुद्राखालचे मासे आहेत, बर्फाचा डोंगर आहे, किंवा गावाकडच्या रस्त्यावरून गाडीतून निवांत सफर."

"पोहता येत नाही मला," मास्तर दाढ सांभाळत म्हणाले. "डोंगरावर चक्कर येते."

"मग गाडीच लावू. तुमच्या ओळखीची."

यात डॉक्टरीणबाईंचा हेतू चांगलाच होता, हे आधी नमूद केलेले बरे.

बायको बाहेर बाकावर बसली. मास्तर खुर्चीत आडवे झाले. मावशींनी चष्मा बांधला, टॅबवर बोट ठेवले आणि दवाखाना नाहीसा झाला. मास्तर एका स्वच्छ, निळसर गाडीत डाव्या बाजूला बसले होते. समोर लांबलचक रस्ता, दोन्हीकडे झाडे, वर पांढरे ढग. मास्तरांना बरे वाटले. मग सत्तावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी उजवीकडे पाहिले.

उजवीकडची जागा रिकामी होती. स्टिअरिंग आपले आपण थोडे डावीकडे फिरले, मग थोडे उजवीकडे.

मास्तरांनी आ वासला आणि नेमक्या त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. मास्तरांना ती कळलीसुद्धा नाही.

"बघा, इंजेक्शन झालंसुद्धा," डॉक्टरीणबाई आनंदाने म्हणाल्या.

"गाडी कोण चालवतंय?" मास्तरांनी विचारले.

"कोणी नाही. ती आपोआप चालते. तुम्ही आराम करा."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. आता तोंड मोठं उघडा. आणि दुखलं तर नुसता डावा हात वर करायचा, मी लगेच थांबेन." असे म्हणून त्यांनी मास्तरांच्या दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवला, आणि मास्तरांचे पुढचे म्हणणे आतच राहिले.

भूल चढली, दाढ कोरायचे यंत्र सुरू झाले. पहिली दोन मिनिटे ठीक गेली, कारण रस्ता सरळ होता. तिसऱ्या मिनिटाला मास्तरांचा डावा हात वर गेला. डॉक्टरीणबाई थांबल्या. हात खाली आला. त्या पुन्हा सुरू झाल्या. हात पुन्हा वर गेला, या वेळी कोपरातून पुढेमागे हलू लागला.

"दुखतंय?"

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटले, पण हात चालूच.

"मग हे काय करतायत?" डॉक्टरीणबाईंनी मावशींना विचारले. मावशींनी टॅबवर पाहिले. त्यात काही कळण्यासारखे नव्हते. एक ओसाड रस्ता होता आणि आरशात मागून लाल रंगाची एक गाडी येत होती.

एवढ्यात वळण आले. विनाचालक गाडी वेग कमी न करता वळणात शिरली आणि मास्तरांनी उजवा पाय ताणून ब्रेक दाबला. ब्रेक तिथे नव्हता, ट्रेचा दांडा होता. ट्रे फिरला, आरसे, चिमटे, कापसाचे बोळे जमिनीवर गेले आणि मास्तर स्वतः खुर्चीवर वीतभर वर सरकले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र वेळेवर बाहेर काढले म्हणून बरे, नाहीतर शेजारच्या दाताचेही काम निघाले असते.

आवाज ऐकून बायको आत आली. "पळाले का?"

"नाही, आहेत," मावशी खाली बसून चिमटे गोळा करत म्हणाल्या. "पण लाथा मारतायत."

"आ ऊ आ ए ओ," खुर्चीतून आवाज आला.

"मागच्याला पुढे जा म्हणत होते," बायको म्हणाली. दोन महिने तोंड न उघडता बोलणाऱ्या माणसाच्या सहवासात राहून तिला ही भाषा अवगत झाली होती. "तो हॉर्न देत होता म्हणे. आणि वळणावर इंडिकेटर दिला नाही."

डॉक्टरीणबाईंनी ठोकळा काढला. "मास्तर, ते खरं नाहीये. नुसतं चित्र आहे. तुम्ही शांतपणे बघत राहा."

"चित्र आहे ते कळतं मला," मास्तर दुखावल्या स्वरात म्हणाले. "पण गाडीत कोणी नाही. मी सांगू कुणाला?"



"चष्मा काढू या का?" डॉक्टरीणबाईंनी हळूच बायकोला विचारले.

"काढलात तर ते राहायचे नाहीत. दाढ उघडून ठेवलीय ना तुम्ही?"

"हो. अर्धवट सोडता येणार नाही."

बायकोने विचार केला. डॉक्टरीणबाई मास्तरांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसल्या होत्या. गाडीत शिकणारा बसतो, अगदी तिथेच. "मग तुम्ही चालवा," बायको म्हणाली.

"मी? अहो काकू, मला गाडी येत नाही. मी बसनं येते."

"तेच बरं. गाडी येणाऱ्यांशी त्यांचं पटत नाही."

डॉक्टरीणबाई पाच वर्षे दंतवैद्यक शिकल्या होत्या. या प्रसंगाला उपयोगी पडेल असे त्यांना त्यात काही शिकवलेले आठवेना. उघडी दाढ समोर होती. त्यांनी घसा साफ केला. "मास्तर, मी आहे गाडीवर. उजव्या बाजूला. नवीन आहे."

चष्म्याखालचा चेहरा बदलला. कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले. "किती दिवस झाले?" मास्तरांनी विचारले.

"आज पहिलाच."

"असू दे. सगळे पहिल्या दिवशी पहिलेच असतात. आरसा बघा आधी."

आरसा म्हटल्याबरोबर त्यांची स्वतःची मान उजवीकडे वळली. "मान हलवायची नाही," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. "आरसे मी बघणार. शिकतेय ना मी?" हे मास्तरांना पटले. मान सरळ झाली, ठोकळा परत बसला आणि काम सुरू झाले.

आता प्रश्न पायाचा होता. तो बायकोने सोडवला. तिने कोपऱ्यातली उशी घेतली, खुर्चीच्या टोकाशी उभी राहिली आणि मास्तरांच्या उजव्या तळव्याला ती लावून धरली. मास्तरांनी पाय टेकवून पाहिला. खाली काहीतरी आहे हे लक्षात येताच त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"आ," मास्तर म्हणाले.

"क्लच," बायको म्हणाली.

"दाबला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बारीक सुईसारखे एक हत्यार दाढेच्या मुळात घातले.

"ऊ आ इअ."

"दुसरा गिअर."

"टाकला."

"एओ एओ आ."

"हळूहळू सोडा म्हणतायत. क्लच."

"सोडतेय. मावशी, पाणी ओढून घ्या जरा."

दहा मिनिटे असे छान चालले. मग रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाय दिसली. गाय काही करत नव्हती, पण मास्तर गायींच्या बाबतीत कधी गाफील राहिलेले नव्हते. त्यांनी ब्रेक दाबला. उशी दबली. गाडी मात्र त्याच वेगाने पुढे गेली. त्यांनी आणखी दाबला. बायको दोन पावले मागे रेटली गेली आणि हात धुवायच्या भांड्याला टेकली. गाडी थांबेना. आधी पायाशी काही नव्हते, तेव्हा मास्तर नुसते काळजीत होते. आता ब्रेक असून लागत नाही म्हटल्यावर त्यांना घाम फुटला.

"ए ए," ते म्हणाले. "ए ए. ए ए."

"ब्रेक लागत नाही म्हणतायत," बायको धापा टाकत म्हणाली. "मी तरी किती लागणार?"

डॉक्टरीणबाईंचे हत्यार मुळाच्या तळाशी होते आणि मास्तर ताठ होत चालले होते. "मावशी," त्या अजिबात न हलता म्हणाल्या, "ते चित्र थांबवता येतं का?"

मावशींनी टॅब दूर धरला, जवळ धरला, स्वतःचा चष्मा वर सरकवला, आणि दोन उभ्या रेघांवर बोट ठेवले. गाडी जागच्या जागी उभी राहिली. गायही.

मास्तर सैल पडले.

तेव्हापासून तिघींची चांगली घडी बसली. मास्तरांनी पाय दाबला की बायको "ब्रेक" म्हणे. मावशी चित्र थांबवत. डॉक्टरीणबाई "थांबले, मास्तर" म्हणत. मग क्लच, पहिला गिअर, आरसा असे सगळे सोपस्कार होऊन गाडी पुन्हा निघे. एकदा मावशींना शिंक आली आणि गाडी उशिरा थांबली. मास्तरांनी त्याबद्दल डॉक्टरीणबाईंना बरेच ऐकवले. बायकोने त्यातले निम्मेच सांगितले.

सफर वीस मिनिटांची होती आणि दाढेचे काम तासाभराचे. त्यामुळे ती पांढरी गाय पुन्हा आली. मास्तरांनी तिला ओळखले.

"रस्ता चुकलात म्हणतायत," बायको म्हणाली. "इथून मघाशी गेलो होतो."

"मुद्दाम आलेय परत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता त्यांना सुचू लागले होते. "मघाशी वळण नीट जमलं नव्हतं ना. सराव करतेय."

मास्तरांच्या गालाचा सुन्न नसलेला भाग थोडा हलला. सत्तावीस वर्षांत आपणहून मागे फिरून वळणाचा सराव करणारी शिष्या त्यांना भेटली नव्हती.

तिसऱ्या फेरीला, मुळे साफ होऊन भरायची वेळ आली असताना, मावशींनी टॅब डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्यावर अंधार होता आणि मध्ये बारीक अक्षरांत लिहिले होते की चष्म्याची बॅटरी संपली आहे. चार्जिंगची वायर विक्रेत्याच्या बॅगेत राहिली होती.

तिघींनी मास्तरांकडे पाहिले. चष्म्याच्या आत काळाकुट्ट अंधार आणि कानाशी शांतता, एवढेच आता उरले होते. बायकोने उशी घट्ट धरली. मावशी दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या, कारण त्यांना रुमालाचा प्रकार आठवत होता.

"ओआ," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिले.

"बोगदा आला म्हणतायत," बायको कुजबुजली. मग मोठ्याने म्हणाली, "दिवे लावा म्हणतायत."

"लावले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खरोखरच डोक्यावरचा दिवा थोडा खाली ओढला.

"इंजिनाचा आवाज येत नाही म्हणतात. बंद पडलं का?"

डॉक्टरीणबाईंनी घासायचे यंत्र उचलले आणि दाढेच्या कडेवर चालवले. घुर्र आवाज मास्तरांच्या डोक्यात घुमला. याच आवाजाने ते एकदा जिना उतरले होते. आता त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला.

"इअ आ," ते समाधानाने म्हणाले.

"तिसऱ्यात आहे, चालू द्या म्हणतात."

"बोगदा लांब आहे, मास्तर," डॉक्टरीणबाई हलक्या हाताने काम करत बोलू लागल्या. "मी डावीकडून चाललेय. वेग कमी ठेवलाय. भिंतीवर ओल दिसतेय थोडी. पुढे एक ट्रक आहे, पण मी त्याच्या मागेच राहणार. घाई नाही आपल्याला." आपण हे सगळे कुठून बोलतो आहोत, हे त्यांचे त्यांना कळत नव्हते. पण एकदा बोलू लागल्यावर थांबवेना. ट्रकच्या मागे काय लिहिले आहे तेही त्यांनी वाचून दाखवले. मावशी दाराजवळून परत आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. बायकोच्या हातातल्या उशीवर त्यानंतर एकदाही पाय पडला नाही. पंधरा मिनिटांनी तिने ती हळूच खाली ठेवली, तरीही काही बिघडले नाही.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडी बाजूला घेतलीय."

"आ ए?"

"हँडब्रेक ओढला का विचारतायत."

"ओढला."

मावशींनी चष्मा सोडला. मास्तर उठून बसले, उजेडात डोळे चोळले आणि सुन्न गालावर हात ठेवून दवाखाना न्याहाळला. खुर्ची, दिवा, सुई, सगळे होते तिथेच होते. त्यांनी चूळ भरली. मग कपडे नीट करून डॉक्टरीणबाईंपुढे उभे राहिले.

"हात हलका आहे तुमचा," ते म्हणाले. "सुरुवातीला जरा गडबड झाली. पण बोगद्यात उत्तम."

"दाढ दुखली का, मास्तर?"

मास्तरांनी दाढेबद्दल प्रथमच विचार केल्यासारखे केले. "लक्ष नव्हतं माझं," ते म्हणाले.

आठव्या दिवशी विक्रेता चष्मा न्यायला आला. त्याच्याकडे पेशंटांनी भरायचे फॉर्म होते, ते मावशींनी आधीच भरून घेतले होते. बाकीच्या चौघांनी प्रत्येक ओळीपुढे 'छान' लिहिले होते. मास्तरांचा फॉर्म मागच्या बाजूलाही भरलेला होता. गाडी चालकाविना रस्त्यावर आणणे बेकायदेशीर आहे. लाल गाडीचा नंबर दिसत नाही, तो दिसावा. गायीचा बंदोबस्त करावा. शेवटच्या प्रश्नाखाली, म्हणजे सफरीतला कोणता भाग सर्वांत आरामदायक वाटला, इथे त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'बोगदा. त्यात मला एकदाही भीती वाटली नाही. बोगदा अजून थोडा लांब चालला असता.'

विक्रेत्याने ते दोनदा वाचले. "मॅडम, आमच्या सफरीत बोगदा नाहीये," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मावशींकडे पाहिले. मावशी चिमटे पुसत होत्या.

"असं कसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः त्यातून गाडी काढलीय."

विक्रेत्याने खिशातून वही काढली आणि कंपनीला कळवायच्या गोष्टींत लिहून घेतले: 'बोगदा घालावा. ट्रक पुढे असावा. डॉक्टरांचीही मागणी आहे.'